न मिळालेल्यांची यादी

दूधगंगेच्या काठच्या एका गावात मी मराठी शाळेत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात, आमच्यासारख्या गावांत घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि मोबाईलवरच्या मेसेजात इंग्रजी असा कारभार असतो. मला तिन्ही वाचता येतं. तेवढ्या भांडवलावर २०२० च्या उन्हाळ्यात माझ्या सोप्यात कागद यायला लागले. उतारे, पासबुकं, आधारकार्डाच्या झेरॉक्स. टाळेबंदीच्या मदतीचे पैसे कुणाला मिळाले, कुणाला नाही, आणि का नाही, हे शोधता शोधता जे ध्यानात आलं ते इथं लिहिते आहे. तुमच्या गावी यातलं काही वेगळं घडलं असेल.

१. सरकारनं कोटींत बोललेला आकडा शेतकरी गुंठ्यात मोडूनच ऐकतो.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा आमच्या शिवारात कोबीचे गड्डे काढणीला आले होते. आठवडी बाजार बंद. कोगनोळीच्या नाक्यावर बंदोबस्त. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात उद्या सौदा निघणार का, हे रात्री उशिरापर्यंत कळायचं नाही. जोतिबाची चैत्र यात्रा रद्द झाली, लग्नं पुढं गेली, देवळं बंद झाली. झेंडूवाले फुलं तोडून बांधावर टाकत होते, कारण जून फूल झाडावर ठेवलं तर पुढची कळी धरत नाही.

६ मे ला तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी १,६१० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात फुलांना हेक्टरी २५,००० रुपये होते. १४ मे ला भाजीपाला आणि फळांना हेक्टरी १५,००० आणि मका केलेल्या शेतकऱ्याला ५,००० रुपये जाहीर झाले. फुलं, फळं, भाजी, सगळ्यांना मर्यादा एका हेक्टरची. शेजारचे तात्या बातम्या ऐकून आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "म्हंजे गुंठ्याला दीडशे रुपयं की, बाई." त्यांचा कोबी वीस गुंठे होता. तीन हजार. रोपं, खत, औषध आणि भांगलणीच्या बायकांचा पगार धरला तर त्या तीन हजारात काय भागतं ते शेती करणाऱ्याला सांगायला नको. तरी त्यांनी कागद जमवले. मी विचारलं, एवढ्याशा पैशासाठी चिकोडीला किती खेपा घालणार? ते म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ दे. माझा कोबी रानात कुजला ह्ये कुठंतरी लिवलं तरी जाईल."

त्या वाक्यामुळं मी या कामात पडले. मदतीच्या यादीत नाव येणं म्हणजे झालेल्या नुकसानीची सरकारदरबारी नोंद होणं. मिळालेल्या रकमेइतकंच मोल लोक त्या नोंदीला देत होते.

२. पैसे बहुतेक वेळा बुडत नाहीत, भलत्या खात्यात जाऊन बसतात.

एक काकू रोज विचारायच्या. नवरा गेल्यावर जमीन त्यांच्या नावावर झाली होती, उतारा स्वच्छ होता, पिकाची नोंद होती. सोसायटीच्या कर्जासाठी वापरायचं ते पासबुक त्या पदरात बांधूनच फिरायच्या आणि त्यात काही जमा नव्हतं. चौकशी केली तर कचेरीतून उत्तर आलं, रक्कम पाठवली आहे. काकूंच्या दृष्टीनं याचा अर्थ एकच होता, मधल्या कुणीतरी खाल्ली.

खरी गोष्ट अशी, की थेट लाभाचे हे पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातीलच असं नाही. ते आधार क्रमांकावर पाठवले जातात, आणि त्या आधारला शेवटी जी बँक जोडली गेली असेल त्या बँकेतल्या खात्यात पडतात. काकूंचं जनधनचं एक खातं होतं, काही वर्षांपूर्वी गावात आलेल्या माणसानं अंगठा घेऊन काढून दिलेलं. त्याचं पासबुक कधी हातात आलंच नव्हतं. एप्रिल, मे आणि जून २०२० मध्ये केंद्रानं बायकांच्या जनधन खात्यात दरमहा ५०० रुपये टाकले, तेही तिथंच पडून होते. आधारच्या वेबसाइटवर कुठली बँक जोडलेली आहे ते पाहता येतं. पाहिलं, बँकेत गेलो, आणि काकूंच्या हातात त्यांच्याच नावाचं पण त्यांना माहीत नसलेलं पासबुक आलं. त्यांनी ते दोनदा उलटून बघितलं आणि विचारलं, "ह्ये आदी का सांगितलं न्हाई कुणी?"

मला याचं उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. पाठवणाऱ्याच्या संगणकात बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे असतात. तेवढं एका ओळीत तिला कळवलं असतं तर कितीतरी दिवसांचा संशय उभाच राहिला नसता.

३. यादी लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. खरा निकाल आधीच, पिकाची नोंद होते त्या दिवशी लागलेला असतो.

मक्याच्या मदतीला आदल्या हंगामाच्या पीक पाहणीतली नोंद धरली होती. आता आमच्याकडचा प्रकार बघा. ऊस लावला की त्याच्या सरीत पहिले तीन-चार महिने कोबी, फ्लॉवर, मिरची, कोथिंबीर असं काहीतरी आंतरपीक घेतात. ऊस मोठा होईपर्यंत घर त्या आंतरपिकावर चालतं. पण पाहणी करणारा माणूस रानाच्या कडेनं बघतो आणि लिहितो, ऊस. त्याचंही खोटं नाही. मग टाळेबंदीत ज्याची भाजी सडली तो कागदावर ऊसवाला, आणि ऊसवाल्याला यात काही नाही.

२०२० च्या खरिपात कर्नाटकानं शेतकऱ्यांना स्वतःच मोबाईलवरून पिकाचा फोटो घालून नोंद करायची सोय दिली. मला ती गोष्ट मनापासून आवडली. गावातल्या कॉलेजच्या पोरांनी ते काम अंगावर घेतलं आणि बांधाबांधावर फिरली. आंतरपीकही घाला, असं मी प्रत्येकाला सांगत होते. म्हातारी माणसं फोटोसाठी रानात ताठ उभी राहायची, शेजारी कोबी, आणि पोरगं ओरडायचं, "आज्जा, तुमचा न्हवं, पिकाचा काढतोय."

४. मिळालेल्यांची यादी भिंतीवर लावून अर्धंच काम होतं. भांडणं न मिळालेल्यांच्या मनात असतात आणि त्यांची यादी कुठंच नसते.

लाभार्थ्यांची यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली की माणूस आधी आपलं नाव शोधतो. ते सापडलं नाही की शेजाऱ्याचं शोधतो. यादीत नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि रक्कम असते. ज्याचं नाव नाही त्याच्याबद्दल तो कागद एक अक्षर बोलत नाही. अर्ज पोचलाच नाही की पोचून फेटाळला? माझी चूक की त्यांची? आता काही करता येईल की मुदत गेली? हे त्याला कळत नाही, आणि जिथं कारण सांगितलेलं नसतं तिथं माणूस स्वतःच कारण शोधतो. "मेंबराच्या भावकीला मिळालं" हे आमच्याकडचं नेहमीचं कारण. कधी ते खरंही असेल. पण त्या उन्हाळ्यात मी जेवढी प्रकरणं हाताळली त्यांत बहुतेकांची कारणं फार साधी होती.

पुढं एका कचेरीतून आम्हाला अडकलेल्या अर्जांची कारणांसकट यादी मिळाली. संध्याकाळी देवळापुढच्या पारावर ती वाचायची ठरली. लोक तोंडाला गमछा बांधून लांब लांब उभे होते. बायका घरांच्या उंबऱ्यांत होत्या. मी कन्नड वाचायचं आणि मराठीत सांगायचं. आधार बँकेला जोडलेलं नाही. खातं बंद पडलेलं आहे. उताऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. पिकाची नोंद नाही. एका आण्णांचं नाव उताऱ्यावर बापाच्या नावासह होतं, आडनाव नव्हतं. आधारवर आडनाव होतं, बापाचं नाव नव्हतं. ते नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "एवढंच हाय व्हय? मी पंचायतीच्या दारात जाऊन लई बोललो हुतो."

कारणं वाचून झाली आणि पारावरचं बोलणंच बदललं. कुणी बँकेत जायचं, कुणी नाडकचेरीत म्हणजे महसूल कचेरीत, कुणी शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात, याची वाटणी सुरू झाली. चौघे एकाच मोटारसायकलीचं पेट्रोल काढून चिकोडीला जायचं ठरवत होते. टाळेबंदी आहे, दोघांच्या वर बसायचं नाही, म्हणून दुसरी गाडी शोधली. पैसे त्यातल्या सगळ्यांना मिळाले नाहीत. पण राग एकमेकांवरून उठला आणि काम कुठं आहे तिकडं गेला. कारणाचा एक रकाना वाढवल्यानं एवढं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सरकारनं कुठल्याही मदतीची यादी लावताना त्याशिवाय लावूच नये, असं माझं ठाम मत झालं ते त्या संध्याकाळी.

५. चांगली पद्धत शोधायला फार लांब जावं लागत नाही.

माझी नणंद कागल तालुक्यात असते, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण राज्य वेगळं. महाराष्ट्राच्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ व्हायचं होतं. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला लागली. त्यात शेतकऱ्यानं केंद्रावर जाऊन आपल्या नावावर दाखवलेली रक्कम आधी बघायची, पटली तर अंगठा देऊन मान्य करायची आणि पटली नाही तर तक्रार करायची. पैसे त्यानंतर. टाळेबंदीत संसर्गाच्या भीतीनं अंगठे घेणं थांबलं आणि तिचं काम रखडलं, तो भाग वेगळा. पण पैसे जमा होण्याआधी आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांखालून जावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

६. कायद्यानं यादी आपल्या हक्काची आहे, पण ती मागायची भाषा आपली असेलच असं नाही.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे: अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक कचेरीनं कुणी न मागता जाहीर करायचं. आमच्या गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यादी बघू देणं हा साहेबाचा मोठेपणा, असाच समज होता. त्यामुळं मागताना लोकांचा आवाज खाली जायचा. कलम वाचून दाखवल्यावर तेच लोक सरळ उभे राहून बोलायला लागले.

न मिळालेली माहिती मागायला दहा रुपये भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पण तो अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. आमच्याकडं राजभाषा कन्नड. म्हणजे मराठी शेतकऱ्याला त्याच्याच रानाची माहिती मागायला लिहून देणारा शोधावा लागतो. तक्रारीचं मात्र तसं नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलेला आहे. म्हणून आम्ही माहितीचे अर्ज कन्नडमध्ये आणि गाऱ्हाणी मराठीत अशी विभागणी केली. ज्याला लिहिताच येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करायची, हेही माहिती अधिकार कायद्यातच आहे.

भाषेचा विषय निघाला की आमच्या भागात आवाज चढतात. मला तिथं आलेला अनुभव सांगते. कन्नड ज्यांची मातृभाषा आहे, त्या आमच्याच गावातल्या शेतकऱ्यांनाही ती यादी कळत नव्हती, कारण नकाराची कारणं इंग्रजी आद्याक्षरांत आणि आकड्यांत होती. ते पण माझ्याच सोप्यात आले. आणि एका कचेरीतल्या तरुण कन्नड कारकुनानं, मी न मागता, झेरॉक्सवर प्रत्येक कारणापुढं पेन्सिलीनं मराठीत दोन शब्द लिहून दिले. त्याचं मराठी अक्षर कच्चं होतं. ती झेरॉक्स मी जपून ठेवली आहे.

७. गरजवंत बाहेर राहतो त्याच वेळी दुसऱ्या दारानं नको तो आत येतो, आणि दोन्ही गोष्टी उघड्या यादीतच दिसतात.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० आणि तेव्हा त्यावर कर्नाटकाचे ४,००० मिळायचे. आयकर भरणारे आणि महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे यात बसत नाहीत. मीही बसत नाही, आणि तसंच असायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं, की देशभरात २०.४८ लाख अपात्र लोकांना या योजनेचे १,३६४ कोटी रुपये गेले होते आणि त्यांतले निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते. २०२० मध्येच तमिळनाडूत पाच लाखांवर खोटे लाभार्थी सापडले. ऐन टाळेबंदीत हे चाललं होतं. या योजनेची गाववार यादी वेबसाइटवर कुणालाही बघता येते. गावातल्या माणसाला कोण पेन्शनवाला, कोण वारला, कुणाचं रान विकलं गेलं हे तोंडपाठ असतं. वरच्या संगणकाला ते माहीत नसतं.

८. उघडेपणाला एक हद्द आहे.

एका यादीत नावापुढं पूर्ण खाते क्रमांक आणि मोबाईल नंबर छापलेले मी पाहिले. कुणीही त्याचा फोटो काढून न्यावा. तेव्हा फसवे फोनही सुरू झाले होते. युरोपातही या प्रश्नावर न्यायालयात भांडण झालं. शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं इंटरनेटवर टाकायचा नियम ९ नोव्हेंबर २०१० ला तिथल्या न्यायालयानं व्यक्तींच्या बाबतीत रद्द केला. पुढं २०१३ मध्ये छोट्या रकमा घेणाऱ्यांना वगळून नावं जाहीर करायचा नवा नियम आला. आपल्याकडं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं आहे, आणि खासगीपणाच्या नावाखाली उद्या याद्याच दडपल्या जातील याची मला काळजी वाटते. नाव, गाव, क्षेत्र, पीक, रक्कम, नकाराचं कारण, हे उघडं हवं. आधार, खातं, मोबाईल झाकलेलं हवं. एवढी साधी रेघ ओढायला काहीच अडचण नाही.

९. काही माणसं कुठल्याच यादीत नसतात, मिळालेल्यांच्या नाही आणि न मिळालेल्यांच्याही नाही.

आमच्या शिवारात बरीचशी भाजी वाट्यानं किंवा खंडानं रान करणारे पिकवतात. मालक इचलकरंजीला, कोल्हापूरला, पुण्याला. मदत उताऱ्यावरच्या नावाला मिळते, म्हणून ती मालकाला गेली. यादी तपासली तर त्यात एकही चूक नाही. नाव खरं, क्षेत्र खरं, पीक खरं. आणि ज्या नवरा-बायकोनं कोबी लावला, पाणी पाजलं आणि शेवटी नांगरून गाडला, ते अर्जच करू शकत नव्हते. त्यांना नाकारलंही नाही, कारण नाकारायला आधी मोजावं लागतं.

याचं मूळ एका चांगल्या हेतूच्या कायद्यात आहे. १ मार्च १९७४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनं कर्नाटकानं कुळवहिवाट संपवली, कसेल त्याची जमीन केली. हजारो कुळं मालक झाली. पण त्याबरोबर जमीन वाट्यानं, खंडानं देणं बेकायदा ठरलं. व्यवहार थांबला नाही, तो तोंडी झाला. मालक कागद करत नाही, रान जाईल म्हणून. कसणारा मागत नाही, रान सुटेल म्हणून. आमच्या उताऱ्यावर नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं आणि बाराव्या रकान्यात कसणाऱ्याचं. मी पाहिलेल्या उताऱ्यांत दोन्हीकडं बहुधा एकच नाव असतं.

बायकांचंही तेच. भांगलण, तोडणी, पाटीतला माल रस्त्यापर्यंत आणणं त्यांच्याकडं. उतारा सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर. आमच्या यादीत बाईचं नाव दिसलं की ती विधवा असणार, हे मला न विचारता कळायला लागलं.

म्हणून आम्ही गावची एक वही केली. कुठल्या गटात, किती गुंठे, काय पीक, रान कुणाचं, कसतंय कोण, आणि घरातली कोणती बाई त्यात राबते. वहीला सरकारी किंमत काही नाही, हे सगळ्यांना सांगूनच नावं घेतली. मालकांना अडचण होऊ नये म्हणून ती भिंतीवर लावत नाही. १९ मे २०२१ ला दुसऱ्या लाटेतलं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा भाजी, फळं आणि फुलांना हेक्टरी १०,००० होते. वही घेऊन दोघं-तिघं जाणती माणसं मालकांशी बोलली. काहींनी ठरल्या वाट्यानं रक्कम कसणाऱ्याला दिली. काहींनी फोन उचलला नाही. एका मालकानं सगळीच दिली.

यादीत कारणाचा रकाना असावा, ती कन्नडबरोबर मराठीतही लागावी, आणि मदत ठरवताना वहीतल्या माणसांचा विचार व्हावा, असा अर्ज आम्ही ग्रामसभेत दिला आहे. कन्नडमध्ये एक, मराठीत एक. दोन्हींची पोच घेतली आहे.